न उडालेला फ्लॅश

आप्पांनी मला कॅमेऱ्याला हात लावू दिला तो तिसऱ्या वर्षी. त्याआधी मी ट्रे धुतले, ओले फोटो चिमट्यानं दोरीवर टांगले आणि निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून लोकांच्या तोंडावरचे देवीचे वण भरून काढले. दौंड स्टेशनाबाहेर, सायकलच्या दुकानाला लागून आप्पांचा स्टुडिओ होता. रेल्वेतले लोक पाससाठी, पोलीस बदलीच्या आधी बायकोमुलांना घेऊन आणि लग्नाच्या मुली आईला चिकटून तिथं यायच्या. छपरातल्या काचेतून ऊन खाली यायचं आणि त्या उन्हात सगळ्यांचे फोटो निघायचे. फ्लॅश लागायचा तो बाहेरच्या कामाला, म्हणजे लग्नसराईत.

मी तळकोकणातला. बाप सुतार होता. तो गेला आणि सातवीच्या मध्यावर माझी शाळा सुटली. गावातल्या एकानं रेल्वेत चिकटवतो म्हणून मला बरोबर घेतलं, दौंडच्या फलाटावर "इथंच थांब, साहेबाला भेटून येतो" म्हणाला आणि परत आला नाही. पाचव्या दिवशी मला हिवताप भरला. आप्पा त्या दिवशी कुणाच्या तरी निरोपाचा ग्रुप फोटो काढायला स्टेशनात आले होते. स्टँड उचलायला माणूस हवा म्हणून त्यांनी मला हाक मारली, माझा हात धरला आणि चटका बसल्यासारखा सोडला. त्याच संध्याकाळी त्यांनी मला एसटीत घालून शिरूरला आपल्या घरी नेलं.

त्यांची बायको दारातच म्हणाली, "फोटो काढाया गेला व्हता, का मानसं गोळा कराया?"

पण ओसरीवर गोधडी तिनंच टाकली. आप्पांचं घर ख्रिस्ती वस्तीत, चर्चच्या मागं. दीड महिना मी त्या ओसरीवर पडून होतो. पहिला आठवडा मी आप्पांच्या बायकोला बाई म्हणायचो, मग ती मावशी झाली. जेवण जात नाही, मासे हवेत, असं मी तापात बरळलो असेन. तिनं नदीचे मासे मागवले. मला त्यांचा चिखलासारखा वास यायचा आणि तोंड वाकडं व्हायचं.

"खा रं समुद्राच्या राजा," ती म्हणायची. "इथं नदीच हाय. तिच्यावर भागव."

माझ्या आईला पत्र मावशीनंच मला बसवून लिहायला लावलं. बरा झाल्यावर आप्पांनी मला दौंडला दुकानात ठेवून घेतलं. ते शनिवारी शिरूरला जात, रविवारची उपासना करून सोमवारी परत येत. मी दुकानातच झोपायचो. त्या दोघांनी माझ्यासाठी जे केलं त्यानं मी असा दबून गेलो होतो की एक भीती कायमची बसली: कधी तरी माझ्या हातून काही तरी मोडेल आणि मला पुन्हा फलाटावर जावं लागेल. म्हणून मी कुलूप तीनदा ओढून पाहायचो. बाटल्यांची बुचं रात्री पुन्हा उठून दाबायचो. अजून दाबतो.

कॅमेरा जर्मन बनावटीचा, भात्याचा. देश सोडून निघालेल्या एका गोऱ्या रेल्वे साहेबाकडून आप्पांनी तो घेतला होता. पुढं भिंग, भिंगाभोवती शटरची कडी आणि कडीच्या बाजूला वाटाण्याएवढं एक पितळी तोंड. फ्लॅशगनची वायर त्या तोंडात बसायची. शटर उघडलं की आतले दोन बारीक पत्रे एकमेकांना टेकायचे, गनच्या मुठीतल्या सेलांचा करंट वायरीतून फिरायचा आणि ताटलीतला बल्ब फाडकन उडायचा. एक बल्ब एकदाच. उडाला की त्याच्या काचेवर फोड येऊन ती काळी पडायची. म्हणून तपासणीला आम्ही खरा बल्ब कधी लावत नसू. आप्पांनी टॉर्चच्या बल्बला दोन तारा झाळून ठेवल्या होत्या. त्या गनमध्ये अडकवायच्या, शटर 'बी'वर ठेवायचं आणि दाबून धरायचं. 'बी'वर जोवर बोट दाबलेलं, तोवर शटर उघडं. टॉर्चचा बल्ब लागला तर सगळं ठीक.

त्या तिसऱ्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी मावशीच्या पोटात दुखायला लागलं. आप्पा शनिवारऐवजी शुक्रवारीच जायला लागले. खंडेनवमीला ते शिरूरलाच होते आणि दुसऱ्या दिवशी येणार होते.

आमच्या घरी त्या दिवशी बापाची करवत, रंधा, पटाशी, हातोडी पाटावर मांडली जायची. हळदकुंकू लागल्याशिवाय त्या दिवशी हत्याराला कुणी हात लावायचा नाही. बाप गेला आणि हत्यारं काकाकडं गेली. त्यानंतर इतक्या वर्षांनी माझ्या हाताला पुन्हा हत्यार आलं होतं. आप्पांच्या दुकानात पूजाअर्चा चालत नाही असं मला कुणी सांगितलं नव्हतं. पण भिंतीवर शास्त्रातल्या एका वचनाची चौकट होती, एवढ्यावरून मी न विचारता समजून होतो.

मी दार लावून घेतलं. कॅमेरा टेबलावर ठेवून त्याला झेंडूचं फूल वाहिलं आणि वाटीत कुंकू कालवलं. भिंगाला बोट लावायचं नाही हे हाडात भिनलेलं. भात्याचं कातडं डागाळलं असतं, शटरच्या कडीवरून ओघळ भिंगावर आला असता. उरलं ते पितळी तोंड. पितळ म्हटल्यावर मला ती देवघरातलीच वस्तू वाटली. ओल्या कुंकवाचं बोट मी तिथं टेकवलं आणि म्हटलं, मावशीचं बरं कर.

दिवसभर तसंच ठेवलं. संध्याकाळी दारावर आप्पांची हाक आली. ते एक दिवस आधीच परतले होते. मी फूल खिशात कोंबलं, ओलं फडकं घेतलं आणि घाईघाईनं ते पितळ पुसून काढलं. वरचं कुंकू गेलं. फडक्यासरशी बाकीचं आत गेलं, ते मला कळलं नाही. आप्पांनी आत येऊन काही पाहिलं नाही. त्यांचं लक्षच नव्हतं. ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "पुण्याच्या डॉक्टरनं पोट दाबून बघितलं. गाठ हाय म्हणला. घरी न्या म्हणला."

पुढं महिनाभर फ्लॅशला कुणी हात लावला नाही. बाहेरची कामं आप्पांनी घेतलीच नाहीत.

त्यांची एकुलती एक मुलगी, ताई, लांबच्या एका इस्पितळात नर्स होती आणि चार महिन्यांपूर्वी तिला मुलगी झाली होती. मावशीनं नात अजून पाहिली नव्हती. दिवाळी उलटल्यावर ताईचं कार्ड आलं: आठ दिवसांची रजा मिळाली आहे, बाळाला घेऊन शिरूरला पोचते, आप्पा, कॅमेरा आणा, हिला मोठेपणी दाखवायला आजी पाहिजे.

आप्पांनी कार्ड दोनदा वाचलं. सगळ्या तालुक्याचे फोटो त्यांनी काढले होते, पण मावशीचा फोटो म्हणावा तर लग्नातला एक होता आणि तो वाळवीनं खाल्लेला. मधल्या तीस वर्षांत "काढू की, कुठं पळून चाललीयस" असं म्हणत राहून गेलं होतं.

"तू चल संगं," ते मला म्हणाले. "मी बसणार हाय त्यात. मंग दाबायला कोन? तूच."

आदल्या दिवशी मी गनमध्ये नवे सेल घातले, टॉर्चचा बल्ब अडकवला, वायरीच्या मोकळ्या तोंडात टाचणी धरून दोन टोकं जोडली. बल्ब लागला. पुन्हा केलं, पुन्हा लागला. तिसऱ्यांदाही. कॅमेरा त्याआधीच फडक्यात गुंडाळून ट्रंकेत गेला होता, तो काही मी बाहेर काढला नाही.

"तपासलंस?" आप्पांनी एसटीत विचारलं.

"तीनदा," मी म्हणालो. खोटं नव्हतं. तिन्ही वेळा अर्धंच तपासलं होतं.

शिरूरला पोचायला दुपार कलली. ओसरीवर ताई बाळाला पायांवर घेऊन बसली होती. आत मावशी. चादरीखाली माणूस आहे हे पोटाच्या उंचवट्यावरूनच कळत होतं. डोळे पिवळेजर्द.

"आला व्हय माझा राजा," ती म्हणाली. "मासं न्हाईत आज."

आप्पांचा विचार होता की खाट अंगणात काढावी आणि उन्हात उरकावं. ताईनं मान हलवली. दिवसभर मावशी गुडघे पोटाशी घेऊन पडलेली असायची. खाट जरा हलली तरी ओरडायची. डॉक्टरांनी दिवसाला एकच सुई लिहून दिली होती. ती ताई दिवेलागणीला द्यायची, म्हणजे रात्र निघायची. सुई दिल्यावर अर्धा-पाऊण तास मावशी सरळ बसायची, बोलायची, पाणी मागायची. मग झोप.

"उद्याच्याला सुई दुपारी दे की," आप्पा म्हणाले. "उन्हात आटपू."

"आन् रातीला काय देऊ आप्पा? तुमचा कॅमेरा?"

आप्पांनी ट्रंक उघडली. फ्लॅश होताच.

दिवे लागले, ताईनं सुई दिली. थोड्या वेळानं मावशीचे पाय हळूहळू सुटे झाले. तिनं लुगड्याचा पदर मागितला, केसांना पाणी लावून घेतलं. कोनाड्यात कंदील ठेवला. आप्पा तिच्या मागं खाटेवर बसले आणि डावा हात तिच्या खांद्याभोवती घालून तिला टेकवून धरलं. कुंची घातलेलं बाळ तिच्या मांडीवर दिलं. ताई खाटेशी गुडघ्यावर बसली.

मावशीनं नातीकडं नीट, सावकाश पाहिलं. "हनुवटी माझी हाय," ती म्हणाली. "नाक त्यांच्याकडचं. जाऊ द्या, नाकाला काय करता." मग माझ्याकडं बघून, "माझं डोळं पिवळं दिसत्याल का रं फोटूत?"

"फोटूत समदं काळं-पांढरंच येतं," मागून आप्पा म्हणाले.

"मंग बरंय. स्वस्तातला कॅमेरा बरा."

सगळे हसले. मी स्टँडमागं उभा राहून एक, दोन, तीन म्हटलं आणि दाबलं. शटर टिकटिकलं. उजेड नाही.

"उडाला न्हाई," आप्पा म्हणाले. "बल्ब बदल. बुडाला ओल लाव."

मी दुसऱ्या बल्बच्या बुडाला जीभ लावली, तो बसवला, फिल्म पुढं सरकवली. तीन म्हटलं. टिक. अंधार तसाच.

"सेल बघ."

खिशात जादा सेल होते. एक सेल खाटेखाली गडगडला, तो ताईनं काढून दिला. तिसऱ्यांदा दाबलं. नाही. बाळ किरकिरायला लागलं.

"तुमचा बल्ब माझ्यावानीच दिसतोय," मावशी म्हणाली. "वरनं बरा, आतनं गेलेला."

दर वेळी मी तीन म्हणालो की ती मान सरळ करून भिंगात बघायची आणि नव्यानं हसायची. चौथ्यांदा वायर पितळी तोंडात दाबून, पिळून बसवली. मावशीनं पुन्हा मान उचलली. टिक. काही नाही. तिच्या पापण्या जड व्हायला लागल्या होत्या. आप्पा उठू शकत नव्हते. हात काढला असता तर ती कलंडली असती.

"ऱ्हाऊ द्या आता," ती म्हणाली. "उद्या बसते की. मी कुठं चाललीय?"

ताईनं बाळ उचललं. आप्पांनी मावशीला आडवं केलं. मी कॅमेरा स्टँडवरून उतरवला.

सकाळी उजाडल्याबरोबर मी ओसरीवर चटई टाकली आणि सगळं मांडलं. फिल्म आत होती, तेव्हा पाठ उघडायची नव्हती. पण मला काम होतं ते पुढच्या बाजूला. भिंगावर काळी टोपी घातली. आप्पा आत ताईला चादर बदलायला मदत करत होते. मावशीच्या कण्हण्यावरून खाट केव्हा हलली ते बाहेर कळत होतं.

टॉर्चचा बल्ब गनमध्ये अडकवला. वायरीचं तोंड टाचणीनं जोडलं: लागला. म्हणजे सेल बरे, गन बरी, वायरही बरी. वायर कॅमेऱ्यात बसवली, शटर 'बी'वर, दाबून धरलं: नाही. मग दोष कॅमेऱ्यात. शटरच्या आतले पत्रे टेकत नसले तर शटर खोलावं लागणार, ते खोलणारा माणूस पुण्याला. त्यात दोन दिवस गेले असते.

पत्रे की तोंड, एवढंच ठरवायचं होतं. आप्पांच्या शिलाईच्या डबीतली सुई घेतली. वायरीच्या मधल्या टोकाला एक बारीक तार गुंडाळली, तिचं दुसरं टोक सुईला. सुई पितळी तोंडात मधोमध धरली, वायरीची बाहेरची बाजू कडेला टेकवली, शटर दाबलं. काही नाही. सुई जोरानं दाबून फिरवली. टॉर्चचा बल्ब लुकलुकला. सोडली, गेला. पुन्हा खरवडली, पुन्हा लुकलुकला. म्हणजे आतले पत्रे ठीक होते. घाण तोंडात होती.

निगेटिव्ह बघायचं भिंग मी डोळ्याला लावलं आणि कॅमेरा उन्हाकडं केला. पितळी तोंडाच्या बुडाशी लाल चिखल वाळून बसला होता. कडेनं हिरवा गंज. सुईच्या टोकावर जे आलं होतं ते मी बोटावर घेतलं. बोट लाल झालं.

पुसून टाकायला किती वेळ लागतो? माझा दुसरा हात फडक्याकडं गेलाही होता. तेवढ्यात आप्पा बाहेर आले.

"सापडलं?"

मी बोट लपवलं नाही. लपवायचं सुचलं नाही म्हणा. ते खाली बसले, माझं बोट धरून उजेडात नेलं.

"ह्ये काय हाय?"

"कुंकू."

"आमच्या घरात कुंकू कुठनं आलं?"

"मी लावलं. नवमीला. तुम्ही इथं होता तेव्हा."

त्यांनी अंगठ्यानं ते बोट पुसलं. मग हात सोडला. मला वाटलं, आता म्हणतील, उचल तुझी पिशवी. मी मनातल्या मनात एसटीत बसलोही होतो.

"मला सांगायचं व्हतंस," ते हळू आवाजात म्हणाले. आत ऐकू जायला नको म्हणून. "मी काय केलं असतं? वरडलो असतो. वरडून झाल्यावर दोघांनी मिळून पुसलं असतं. दोन मिनिटांचं काम."

"आप्पा, मी..."

"तिला सांगू नगं. तिला वाटंल तिच्यापायी झालं." कुणासाठी मागणं केलं होतं ते मी सांगितलंच नव्हतं. त्यांनीच ओळखलं.

ताईकडून त्यांनी सुईआधी हाताला चोळायचं स्पिरिट मागून आणलं. काडीला कापूस गुंडाळला आणि तोंड त्यांनी स्वतः साफ केलं. लाल, मग तांबूस, मग हिरवा, असा एकेक कापूस बाजूला पडत गेला. शेवटी वायर बसवली, मी शटर दाबून धरलं आणि टॉर्चचा बल्ब लागला. चांगला लख्ख लागला. दहा वेळा दाबलं, दहा वेळा लागला.

आप्पा त्या दिव्याकडं बघत एकदम थांबले. "काल टाचणी व्हती तुझ्याकडं?"

"होती. सदऱ्यालाच."

"शटर 'बी'वर उघडं धरायचं आन् वायरीचं तोंड टाचणीनं जोडायचं. उडाला असता की रं. कॅमेऱ्याचा संबंधच न्हाई. तेवढ्याशा कंदिलानं काय बिघडत न्हाई." त्यांनी कपाळाला हात लावला. "तीस वर्षं धंदा केला आन् माझ्याच घरात मला सुचंना."

ती युक्ती मीही दोनदा लग्नात पाहिली होती. मलाही सुचली नाही. आप्पांनी टॉर्चचा बल्ब सोडवून डबीत टाकला. फ्लॅश चालू झाला होता आणि तोंडाची चव गेली होती.

दुपारपासून मावशी वेगळीच वागायला लागली. चादरीची सुतं उपटायची, हवेतलं काही तरी वेचायची. ताईनं डोळे तपासले आणि म्हणाली, "कावीळ डोक्यात चढली."

"सुई आता देतेस?" आप्पांनी विचारलं.

"आता दिऊन काय ती हुशार व्हायची न्हाई, आप्पा."

तरी दिवेलागणीला सुई दिली, तरी पाणी लावून केस नीट केले, तरी आप्पा मागं बसले. कालच्यापेक्षा ती सहज बसली, दुखत नव्हतं. ताईनं बाळ मांडीवर ठेवलं. मावशीनं त्याच्याकडं पाहिलं, मग ताईकडं.

"ही कुनाची आनली?" तिनं विचारलं.

"माझी, आई. तुझी नात."

"आई कुठाय हिची? रडंल ना आई हिची."

ताईनं बाळाची कुंची सारखी केली. आप्पांनी माझ्याकडं न बघता म्हटलं, "दाब."

"आप्पा, थोडं थांबू या? कालच्यासारखं..."

"दाब म्हनलं ना!"

मी तीन म्हटलं. मावशीनं आवाजासरशी मान वर केली, जशी कुठल्याही आवाजाला केली असती. फ्लॅश उडाला. सगळी खोली पांढरी झाली: कोनाडा, भिंतीचे पोपडे, आप्पांचा डावा हात, चौघांचे चेहरे. बाळ दचकून रडलं. मावशी त्या उजेडाकडं बघून हसली, ते कुणासाठी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. चर्चच्या मागच्या स्मशानभूमीत माती दिली. खड्डा खणायला मी होतो; तेवढं तरी मला करू दिलं. ताईची रजा संपली तशी ती बाळाला घेऊन गेली, जाताना मला म्हणाली, "फोटो लवकर पाठव. नीट छाप." तिला कुंकवाचं कुणी सांगितलं नाही. मी आप्पांकडं पाहिलं. त्यांनी तोंड फिरवलं.

आठवड्यानं आम्ही दौंडला फिल्म धुतली. आप्पा काळ्या खोलीत माझ्यामागं उभे होते. फिल्म वाळल्यावर मी ती खिडकीशी धरली. पाचवी चौकट भरलेली, नेटकी. फोकस बरोबर, उजेड बरोबर, मावशीचे डोळे उघडे, भिंगाकडं वळलेले. मी काढलेल्या सगळ्या फोटोंत तो सगळ्यात चांगला उतरलेला. त्याची प्रत ताईला गेली. एक दुकानात लागली. येणारे जाणारे म्हणायचे, काय जिवंत आलीय बाई, आता बोलंल. नातीवर किती जीव दिसतोय बघा. आप्पा मान डोलवायचे. मी ट्रेकडं वळायचो. ती त्या वेळी कुणालाच ओळखत नव्हती हे जाणणारे आम्ही दोघंच दुकानात होतो.

दुकानात तो लावला त्याच संध्याकाळी, कुलपाआधी, आप्पांनी पहिल्या चार चौकटींचा तुकडा मागितला. त्या जवळजवळ काचेसारख्या होत्या. आरपार दिसत होतं. प्रत्येकीत एका बाजूला कंदिलाच्या ज्योतीचा काळा ठिपका आणि त्याच्याखाली, नख टेकवल्याएवढं, काही तरी पुसट राखाडी.

"ही पहिली छाप," ते म्हणाले.

"आप्पा, काही नाही त्यात."

"ठावं हाय मला. छाप."

पुसटातलं पुसटही उठवणारा, सगळ्यात कडक कागद घेतला. किती वेळ उजेड द्यावा ते कळेना, कमी दिला. लाल दिव्याखाली कागद ट्रेत सोडला आणि आम्ही दोघं वाकलो. कागद काळा व्हायला लागला, कडेकडेनं आत. ज्योत पांढरी राहिली. ज्योतीखाली कुंचीची एक झालर आली. तिच्या वर, फार तर दोन बोटं, एक गाल आणि हसताना पडते ती रेघ. बाकी सगळा काळोख. तिथं आप्पा होते, ताई होती, मावशीचे डोळे होते. त्यातलं काही नाही.

आप्पांनी बोट पाण्यावरून त्या रेघेजवळ नेलं. लावलं नाही.

"हनुवटी म्हनली व्हती ना," ते म्हणाले. "हितं खाली असंल."

कागद आणखी काळा होत चालला होता. मी चिमट्यानं उचलून तो चित्र पक्कं करणाऱ्या हायपोत टाकला, नाही तर रेघही गेली असती.

"पुरता बसू दे," आप्पा म्हणाले. "घाई करू नगं. मंग पाणी बदलत ऱ्हा, अर्धा तास. कमी धुतलेला पिवळा पडतो."

ते बाहेर जाऊन स्टुलावर बसले. मी अर्धा तास पाणी बदलत राहिलो. मग आणखी अर्धा तास.